कपाटातल्या कोऱ्या वह्यांचं काय करू?

कोथरूडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय चाळिशीच्या आसपास, बँकेत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि सहावीतली मुलगी. त्यांच्या कपाटाचा एक अख्खा कप्पा कोऱ्या वह्यांनी भरला आहे. काही भेट आलेल्या, काही बँकेच्या कार्यक्रमांत मिळालेल्या, बऱ्याचशा स्वतः हौसेनं घेतलेल्या. दर जूनमध्ये मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जाणं होतं आणि येताना पिशवीत स्वतःसाठी एखादी वही असतेच. लिहायला बसलं की तारीख टाकून चार ओळी होतात, अक्षर मनासारखं येत नाही, मग ते पान फाडलं जातं आणि वही परत कप्प्यात जाते. शाळेत असताना त्या रोज डायरी लिहीत. एका सुट्टीत जमलेल्या भावंडांपैकी कुणीतरी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. खूप हशा झाला. त्यानंतर सलग असं लिहिणं झालं नाही. गेल्या महिन्यात मुलीनं यातली एक जाड पुठ्ठ्याची, चांगली वही मागितली. यांनी तिला साधी दोनशेपानी काढून दिली. “तू तरी कुठे लिहितेस त्यात?” असं मुलगी म्हणाली, ते मनाला लागलं. त्या विचारतात : या वह्या सगळ्या देऊन टाकू का? मला लिहिण्याची आवड आहे की नुसती वह्या जमवण्याची हौस? आणि लिहायचंच झालं तर काय लिहू? माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही.

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात वह्यांबद्दल पानभर मजकूर आहे आणि त्या डायरीच्या प्रसंगाबद्दल जेमतेम दोन ओळी. मला मात्र त्या दोन ओळींपासून सुरुवात करावीशी वाटते. त्या दिवशी तुमच्या लिहिण्यात काहीही चुकलं नव्हतं. वही न विचारता उघडली गेली, ती वाचली गेली आणि शेजारी बसलेल्या मोठ्यांपैकी कुणीही “ठेव ती खाली” असं म्हटलं नाही. त्या वयात एवढं पुरेसं असतं. आज तुम्ही पान फाडता ते अक्षर वाईट म्हणून, असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं, कुणी हे वाचलं तर काय म्हणेल हा विचार आधी येतो आणि अक्षराचं कारण नंतर सापडतं. पटतं का, ते तुमचं तुम्ही बघा.

हे खरं असेल तर एक गोष्ट आधी वेगळी काढू या. मनातलं, कुणालाही दाखवायचं नाही असं जे असेल, ते या सुंदर वह्यांमध्ये लिहूच नका. त्यासाठी सुटे कागद घ्या. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. महाविद्यालयातल्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्याबरोबर त्यांना जरा जडच वाटत होतं, पण पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिलं. तेव्हा असं लिहिण्याचा उपयोग आहे, पण ते जपून ठेवलंच पाहिजे असं काही नाही. लिहा, एकदा वाचा, बारीक तुकडे करून टाका. कुणाच्या हाती पडण्याची भीती नसली की हात मोकळा चालतो.

आता कप्प्यातल्या वह्यांकडे येऊ. त्या रिकाम्या राहिल्या कारण वहीत मनातलंच लिहायचं, तेही रोज, तेही छान अक्षरात, असं तुम्ही धरून चालला आहात. हे कुणी ठरवलं? आपल्याकडे रोजची नोंद ठेवायची रीत फार जुनी आहे आणि त्यात मनाचा संबंध क्वचितच येतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आहेत. त्या दिवशी काय जमा झालं, काय खर्ची पडलं, कुणाला काय हुकूम गेला, एवढंच त्यात असतं. लिहिणाऱ्या कारकुनाला तेव्हा आपण काही विशेष लिहितो आहोत असं वाटलंही नसेल, आणि आज इतिहासाचे अभ्यासक त्याच ओळींवर महिनोन् महिने बसतात. रामदासी मठांतून मिळालेली जुनी बाडं पाहा. एकाच बाडात निरनिराळ्या कवींची पदं, आरत्या, श्लोक, ज्याला जे हवं ते उतरवून घेतलेलं. विषयवार मांडणी करू आणि मगच लिहू, असं म्हणत कुणी थांबलं नाही. “लिहिण्यासारखं काही घडत नाही” हे तुमचं वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. ज्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात तिथे नोंदवण्यासारखं भरपूर असतं. तुम्ही त्याला लिहिण्यासारखं मानत नाही, एवढंच.

पहिल्या पानाची भीती मात्र खरी आहे. तुमच्यासारखी ती खूप जणांना असते. त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पहिलं पान सोडून द्या. वही मधेच कुठेतरी उघडा आणि तिथून सुरू करा. किंवा वही उलटी करून मागून लिहायला लागा. पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडे टाकले की कुठूनही सुरुवात केली तरी बिघडत नाही, आणि कोरं राहिलेलं पहिलं पान सहा महिन्यांनी अनुक्रमणिकेला उपयोगी पडतं. चार्ल्स डार्विननं १८३७ मध्ये एका छोट्या वहीत उत्क्रांतीचं जे झाड काढलं, त्याचं छायाचित्र मिळालं तर जरूर बघा. चार वेड्यावाकड्या फांद्या, वर “मला वाटतं” एवढेच शब्द, आणि बाजूला घाईघाईत खरडलेला मजकूर. ती वही त्यानं कुणाला दाखवायला लिहिलेली नव्हती. विचार करायला लिहिली होती. आणि पान फाडू नका. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, पुढे चला. मधलं एक पान फाडलं की शिवलेल्या वहीत त्याच्या जोडीचं दुसरं पानही सैल होतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आता मुलीबद्दल. ती वही तिला द्या. आजच द्या, तिनं मागितली होती तीच द्या, आणि तिनं त्यात काय करायचं ते विचारू नका. ती दोन पानं लिहून सोडून देईल, मागच्या पानावर मैत्रिणीबरोबर फुल्ली-गोळा खेळेल, स्टिकर चिकटवेल. चालेल. फक्त देताना एक वाक्य मोठ्यानं म्हणा : “ही तुझी आहे, मी तुला विचारल्याशिवाय ती उघडणार नाही.” आणि हे घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला, आजीच्याही. हा शब्द तुम्हाला पाळावा लागेल. तिच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो पाळणं फार अवघड जाईल, हेही आत्ताच सांगून ठेवते.

त्याशिवाय तिच्याबरोबर आणखी एक वही सुरू करता येईल, दोघींची मिळून. ही कल्पना माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत छान रुळली आहे. डावीकडचं पान आईचं, उजवीकडचं मुलीचं. वही उशाखाली किंवा दप्तरात ठेवून एकमेकींकडे द्यायची. जे तोंडावर बोलताना भांडणाकडे जातं, ते इथे लिहून विचारता येतं. नियम तीनच ठेवा : शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, वहीत आलेली गोष्ट जेवणाच्या टेबलावर काढायची नाही, आणि उत्तर द्यायला उशीर झाला तर रागवायचं नाही. सुरुवात अवघड वाटली तर एखादा साधा प्रश्न टाका, जसं “आज शाळेत कुणाचं चुकलं असं तुला वाटलं?” मुलं अशा प्रश्नाला चार ओळींत उत्तर देत नाहीत. चित्र काढतात, बाण काढतात, पान भरून टाकतात. तुम्हीही चित्र काढा. येत नसलं तरी काढा.

वही कशासाठी वापरायची हे ठरवण्याआधी तिचा कागद पाहून घ्या, कारण अर्धी निराशा चुकीच्या कागदामुळे येते. प्रत्येक वहीच्या अगदी शेवटच्या पानावर बॉलपेन, जेलपेन, शाईचं पेन आणि ब्रशनं थोडा पाण्याचा रंग, असं सगळं वापरून बघा आणि मग पान उलटून मागे काय उमटलं ते पाहा. शाळेच्या साध्या वहीचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. त्याला पेन्सिल आणि बॉलपेन चालतं. शाई मागे फुटते आणि पाण्यानं पान सुरकुततं. १२० ते १५० जीएसएमच्या वहीत रेखाटन, रंगीत पेन्सिली, हलकी शाई सहज बसते. जलरंगासाठी बहुतेक चित्रकार ३०० जीएसएमचा कागद घेतात. तुमच्याकडे फुलांच्या पाकळ्या घातलेली हातकागदाची वही आहे असं तुम्ही लिहिलं आहे. आपल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद बनतो. सुती कापडाच्या चिंध्यांचा लगदा असतो, म्हणून तो चिवट असतो आणि टिकतो, पण खरखरीत पानावर निबाचं पेन अडकतं. ती वही लिहिण्यापेक्षा चिकटवण्यासाठी ठेवा : वाळवलेली पानं, तिकिटं, लग्नपत्रिकेचा तुकडा, मुलीनं लहानपणी काढलेलं चित्र. साध्या सेलोटेपनं चिकटवू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते. बसचं किंवा नाटकाचं तिकीट मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत कागदाचं असेल तर त्यावरची अक्षरं आपोआप पुसट होतात. खाली पेनानं तारीख आणि कुणाबरोबर गेलो ते लिहून ठेवा.

तुमच्या घरात ज्या वह्या सुरू व्हायला हव्यात असं मला वाटतं, त्यांतली पहिली सासूबाईंची. त्या मूळच्या नारायण पेठेतल्या, वय बहात्तर, म्हणजे १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या असणार. त्यांच्याकडे त्या दिवसाची काहीतरी आठवण नक्की असेल. पण “आई, पुराबद्दल सांगा ना” असं विचारलं तर आपण सगळे ऐकून आहोत तेच दोन वाक्यांत येईल. प्रश्न बारीक करा. त्या दिवशी शाळा होती का? पाणी येतंय हे कुणी सांगितलं? घरातून निघताना आईनं काय उचललं? कुणाच्या घरी राहिलात, तिथे जेवायला काय होतं, आंघोळीचं पाणी कुठून आणलं? परत आल्यावर चिखलात काय सापडलं? प्रश्न तुमच्या मुलीला विचारू द्या, नातवंडांना आजी जे सांगते ते सुनेला सांगत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि मग त्यातलं वहीत उतरवताना सासूबाईंचे शब्द त्यांचेच राहू द्या, ते सुधारू नका. उजव्या बाजूचं पान कोरं सोडा. आठवडाभरानं त्यांना आणखी काही आठवतं, ते तिथे लिहिता येतं.

दुसरी त्यांचीच, स्वयंपाकाची. पुस्तकातल्या पाककृती उतरवून काढण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तुमच्या घरचा गोडा मसाला मात्र लिहून ठेवा. सासूबाईंना प्रमाण विचारलं तर “अंदाजानं” असंच उत्तर येणार. मुठीचं गणित त्यांच्या हातात आहे. म्हणून पुढच्या खेपेला त्या मसाला करायला बसल्या की स्वयंपाकघरातला वजनकाटा शेजारी ठेवा. धण्यांची मूठ कढईत पडण्यापूर्वी वाटीत घ्या, वजन करा, वहीत आकडा टाका, मग कढईत. सुकं खोबरं, तीळ, जिरं, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, तमालपत्र, सगळ्यांचं तसंच. कुठला जिन्नस कशानंतर गेला, कशाला किती तेल घातलं, रंग कसा झाल्यावर उतरवलं, हे त्या बोलता बोलता सांगतात तेव्हाच टिपा. पानावर तेलाचे डाग पडतील, पडू द्या. डाग पडलेलं पान म्हणजे वही ओट्यावर होती, तिथेच ती असायला हवी.

तिसरी वही दारामागच्या खिळ्याला दोरीनं टांगून ठेवायची, पेन्सिलीसकट. गॅसचा सिलिंडर कधी लावला, गीझर कधी दुरुस्त केला, पाण्याची टाकी कधी धुतली, खिडकीच्या रंगाचा नंबर काय, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घातलं. एवढंच. अशी वही सुरू केल्यावर ती बंद पडलेली मी क्वचितच बघितली आहे, कारण तिची गरज रोज लागते.

आणि एक तुमच्या एकटीची असू द्या. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं आहे की सकाळी टेकडीवर जाता. मग झाडांची वही करा. चित्रं काढता येत नाहीत म्हणून अडू नका, तारीख आणि एक ओळ पुरते. काटेसावर कधी फुलली, पळसाला पहिलं फूल कधी दिसलं, तुमच्या रस्त्यावरचा बहावा यंदा एप्रिलमध्ये आला की मेमध्ये, बुचाच्या फुलांचा सडा कधी पडला, पावशा कुठल्या दिवशी ओरडायला लागला. पावसाळ्यात गच्चीवर सरळ उभ्या भिंतीची एखादी बरणी ठेवा, रोज सकाळी एकाच वेळेला आत पट्टी धरून किती मिलिमीटर पाणी आहे ते लिहा आणि बरणी ओतून टाका. भिडे पूल पाण्याखाली गेला तर तेही लिहा. एका वर्षाची नोंद काही सांगत नाही. प्रत्येक तारखेला एक पान देऊन त्याच पानावर पुढच्या वर्षीची ओळ खाली लिहिली की तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते पान वाचायला फार मजा येते. एक दिवस, एक आठवडा राहून गेला तर रिकामी तारीख रिकामी ठेवायची. मागचं आठवून भरत बसायचं नाही.

या चार-पाच वह्या बाजूला काढल्यावर उरलेल्या खुशाल देऊन टाका. त्या घेतल्या म्हणून तुमचं काही चुकलं नाही. कागदाची, कोऱ्या पानांची आवड ही आवडच आहे, तिला हौस म्हणून हिणवायचं कारण नाही. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांना, सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला, चित्रकलेच्या क्लासला द्या. जाड कागदाच्या चित्रं काढणाऱ्याला, रेघांच्या लिहिणाऱ्याला. आणि दिल्यावर “वापरलीस का?” असं विचारू नका. येत्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात गेलात की स्वतःसाठी वहीऐवजी चांगली पेन्सिल घ्या, निदान या वर्षी.

तुमच्यासारखीच अडचण असलेल्या इतर वाचकांसाठी, आणि तुमच्याही हाताची भीती मोडावी म्हणून, एक जुना उद्योग सुचवते. वार्षिक परीक्षा झाली की मुलांच्या वह्यांमध्ये मागची कितीतरी पानं कोरी राहतात. आपल्या आया ती काढून शिवत आणि त्याची रफ वही होत असे. ते परत करा. मधल्या टाचण्या उचकटून कोरी जोडपानं सोडवा, आठ-दहा एकात एक घालून नीट ठोकून सारखी करा आणि बाहेरून जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर घाला. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा : एक मध्यभागी, एक वर, एक खाली. सुईत जाड दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर या, शेपूट आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत जा. आता आतल्या बाजूनं मधलं भोक ओलांडून सरळ खालच्या भोकापाशी या आणि तिथून बाहेर पडा. शेवटी बाहेरून परत मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. दहा मिनिटांचं काम आहे, मुलीला सहज जमेल, दाभण तेवढं तुम्ही चालवा. या वहीला पैसे पडलेले नाहीत, त्यामुळे तिच्यात काहीही गिरमिटलं तरी जीव खालीवर होत नाही. महिनाभर याच वहीत रोज काहीतरी लिहा, आणि मगच कप्प्यातली पहिली वही उघडा.

लिहिलेल्या वह्या जपायच्या असतील तर पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा सांभाळा. भिंतीला चिकटलेल्या कपाटाच्या तळाशी वह्या ठेवल्या की त्यांना कसर लागते. वरच्या फळीवर, मागे थोडी जागा सोडून उभ्या ठेवा, मध्ये वेखंडाचे दोन-तीन तुकडे कापडात बांधून टाका. पोथ्यांसाठी आपल्याकडे हेच करत आले आहेत. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस गेला की एकदा सगळ्या बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर पानं उलगडून ठेवायच्या. उन्हात नको, शाई उडते.